मोडलेला शाफ्ट आणि खडूची खूण

ओझ्यानें भरलेला एखादा जुना पिकअप ट्रक चढावर थांबतो. चालक गिअर टाकतो, क्लच सोडतो. खालून 'खट्' असा एकच आवाज येतो, आणि मग एंजिन कितीहि घुमलें तरी गाडी पुढें सरकत नाहीं, उलट मागें घसरूं लागते. एंजिन धडधाकट असतें, चाकें धडधाकट असतात. तुटलेला असतो तो दोहोंमधला पोलादी दांडा. त्यास ड्राइव्ह-शाफ्ट अथवा प्रोपेलर-शाफ्ट म्हणतात. हा दांडा एखादा सराईत मिस्त्री कांहीं तासांत बदलूं शकतो. परंतु ही सोय सहजासहजीं लाभलेली नाहीं. तिच्यामागें जवळजवळ तीन शतकांचा इतिहास आहे.

मोटारीच्या जन्मकाळीं अडचण दिसावयास साधी, पण सोडवावयास बिकट होती. एंजिन सांगाड्यास घट्ट बांधलेलें. मागचा आंस मात्र पाट्यांवर टांगलेला, म्हणून प्रत्येक खांचखळग्याबरोबर वर-खालीं होणारा. स्थिर वस्तूकडून हालत्या वस्तूकडे फिरती गति न्यावयाची कशी? आरंभीच्या पुष्कळ कारागिरांनीं सायकलीप्रमाणें सांखळीचा आश्रय केला. सांखळी लवचिक खरी. पण ती धूळ खाई, सैल पडे, खडखडाट करी आणि प्रसंगीं तुटे. १८९८ सालच्या डिसेंबरच्या २४ तारखेस पॅरिस येथें लुई रेनो या एकवीस वर्षांच्या तरुणानें आपली छोटी गाडी मोंमार्त्र टेकडीवरील रू लेपिक या चढणीच्या रस्त्यानें वर नेऊन दाखविली. तींत सांखळी नव्हती. सांधा असलेल्या दांड्यानें शक्ति मागच्या आंसापर्यंत जात होती.

हा सांधा मात्र रेनोचा शोध नव्हे. एकांत एक अडकविलेल्या कड्यांची रचना जेरोलामो कार्डानो (१५०१–१५७६) या इटालियन पंडिताच्या नांवाशीं निगडित आहे. म्हणून युरोपांत या सांध्यास 'कार्डन' म्हणतात. पण त्याचा स्वभाव नीट ओळखला तो रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें. १६७६ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें त्याचें वर्णन केलें आहे. सांधा कोनांत वळला, कीं एका बाजूचा दांडा समगतीनें फिरत असतांहि दुसऱ्या बाजूचा तसा फिरत नाहीं. एका फेऱ्यांत तो दोनदां पुढें धांवतो व दोनदां मागें रेंगाळतो. कोन दहा अंशांचा असेल, तर गति कधीं सुमारें दीड टक्का वाढते, कधीं तितकीच घटते.

हूकला या विषमतेंतहि एक उपयोग दिसला. छायायंत्राच्या तबकडीवरील सावली अशीच कमी-अधिक वेगानें सरकते; तेव्हां तिच्या खुणा पाडण्यास हा सांधा कामीं येईल, हें त्यानें दाखविलें. मोटारींत मात्र तीच विषमता म्हणजे धक्के, कंप आणि झीज. तिच्यावर उतारा असा, कीं दांड्याच्या दोन्ही टोकांस एकेक सांधा बसवावयाचा, दोहोंचे कोन सारखे राखावयाचे, आणि दांड्याच्या टोकांचीं दोन्ही बेचकीं एकाच पातळींत ठेवावयाचीं. मग पहिल्या सांध्याची चूक दुसरा सांधा भरून काढतो.

अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत शिकलेल्या क्लॅरेन्स स्पायसर यानें मोटारीस योग्य असा सांधा सिद्ध केला. १९०३ सालीं त्यास पेटंट मिळालें, आणि १९०४ सालीं न्यू जर्सीमधील प्लेनफील्ड येथें त्यानें तो बनविण्यास आरंभ केला. तथापि हेन्री फोर्डच्या १९०८ सालच्या 'मॉडेल टी'नें निराळी वाट धरली. तिचा शाफ्ट एका बंद नळींत असे व सांधा एकच, तोहि पुढच्या टोकास. १९२५ सालीं फोर्डनें याच गाडीस पाठीमागें लहानसा हौदा जोडून ती पिकअप म्हणून २८१ डॉलरांस विकावयास काढली.

बंद नळीचे गुण कमी नव्हते. शाफ्ट धुळीपासून सुरक्षित राही, आणि चाकांचा रेटा पुढें पोंचवून गाडी ढकलण्याचें कामहि नळीच करी. पण आंतला शाफ्ट मोडला, कीं या गुणांचें मोल चुकवावें लागे. सबंध मागचा आंस, चाकें व ब्रेक यांसह सोडवून मागें ओढल्याशिवाय तो बाहेर येत नसे. शहरांतील कारखान्यास हें जड नव्हतें. पण ज्याचें पीक वाहनाअभावीं शेतांत पडून होतें, अशा शेतकऱ्यास तें फार जड होतें. शेवरोलेच्या हलक्या ट्रकांतहि हीच रचना दीर्घकाळ टिकली. मुंबईकरांना ही मुद्रा परिचित होती. शिवडी येथें जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना १९२८ सालीं सुरू झाला होता. अखेर १९५५ सालीं शेवरोलेनें या ट्रकांतून नळी काढून टाकली व दोन सांध्यांचा उघडा शाफ्ट बसविला. तेव्हांपासून गाडी ढकलण्याचा भार मागच्या पाट्यांवर आला.

अशा उघड्या शाफ्टाची दुरुस्ती थोड्या हत्यारांनीं होते. पण तिचा क्रम चुकवून चालत नाहीं. प्रथम चाकांपुढें व मागें भक्कम दगड किंवा ओंडके लावावयाचे. कांहीं जुन्या ट्रकांत हातब्रेक चाकांवर नसून गिअर-बॉक्सच्या मागें असतो. शाफ्ट सुटतांच तो ब्रेक निरुपयोगी होतो, आणि गाडी गिअरमध्यें ठेवूनहि कांहीं साधत नाहीं. खालीं निजलेल्या माणसाच्या जिवाशीं गांठ असते ती येथें. मग शाफ्ट व मागचें बेचकें यांवर खडूनें किंवा ठशानें एक सरळ खूण करावयाची, बोल्ट सोडावयाचे, सांध्याच्या टोप्या पट्टीनें बांधून आंतल्या बारीक सुया सांभाळावयाच्या, आणि दांडा सरकवून बाहेर घ्यावयाचा. नव्या दांड्याची लांबी जुन्याशीं ताडून पाहिली, वंगण भरलें, बोल्ट आवळले, कीं काम झालें.

या सर्वांत खूण ही क्षुल्लक वाटते, आणि म्हणूनच ती राहून जाते. दोन भागांचा शाफ्ट असेल, तर तो दांत्यांवर सरकून एकांत एक बसतो. एक-दोन दांते इकडचे तिकडे झाले तरी तो बिनतक्रार बसतो, बोल्टहि आवळले जातात. पण दोन्ही बेचकीं एका पातळींत राहत नाहींत. गाडी वेगांत येतांच थरथरूं लागते, आणि नवे सांधेहि अकालीं झिजतात. तेव्हां हूकचें नांवहि न ऐकलेला मिस्त्री जेव्हां ती रेघ ओढतो, तेव्हां तो १६७६ सालीं छापलेला एक नियम पाळीत असतो. ज्ञान ग्रंथांतून कारखान्यांत उतरतें तें पुष्कळदां असेंच, एखाद्या संवयीच्या रूपानें; आणि ती संवय कशासाठीं आहे हें ज्यास कळलें, तो ती घाईच्या वेळींहि मोडीत नाहीं.