पाण्याआधीची शेवटची झाडी : टोरोंटोची बेटं

आजच्या भागात आपण जातोय कॅनडातल्या टोरोंटो शहरासमोरच्या बेटांवर. सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे तिथल्या पानगळीत, सकाळच्या फेरीबोटीत गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं हमखास दिसतात. पक्षी या बेटांवर का उतरतात, ते भूगोल सांगतो. पण ही बेटं सगळ्यांसाठी मोकळी कशी राहिली, ते इतिहासालाच विचारावं लागतं. आणि तो इतिहास जरा टोचणारा आहे.

आधी भूगोल बघू. ही बेटं म्हणजे मुळात वाळू. पूर्वेकडचे स्कारबरोचे कडे झिजत गेले, ती वाळू सरोवराच्या प्रवाहाबरोबर वाहत आली आणि तिचा एक लांबट दांडा तयार झाला. तो जमिनीला जोडलेला होता. १८५८च्या वादळानं तो तोडला आणि त्याचं बेट झालं.

आता पक्ष्यांकडे येऊ. स्थलांतर करणारे बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. उत्तरेचा थंड वारा सुटला की थवेच्या थवे दक्षिणेला निघतात. उजाडताना समोर काय, तर ऑन्टारिओ सरोवर! पलीकडचा किनारा सुमारे ५० किलोमीटरवर. मग दमलेला पक्षी पाण्याआधीच्या शेवटच्या झाडीत उतरतो. सप्टेंबरात वॉर्बलर, मग जेमतेम सहा ग्रॅमचे किंगलेट, आणि ऑक्टोबरात वीतभर उंचीचं सॉ-व्हेट घुबड, दाट फांद्यांत डोळे मिटून बसलेलं.

आता माणसांची गोष्ट. मिसिसागा या आदिवासी समाजासाठी ही जागा पवित्र होती. ब्रिटिशांनी १७८७मध्ये टोरोंटोची जमीन ‘विकत घेतली’, पण त्या सौद्यात बेटं दिलेलीच नव्हती, असं मिसिसागांचं म्हणणं. त्या व्यवहाराचा दावा मिटायला २०१० साल उजाडलं. एका जोडदाव्यासह भरपाई ठरली १४.५ कोटी डॉलर.

विसाव्या शतकाच्या मध्यावर बेटांवर सहाशेच्या वर घरं होती. दुकानं, हॉटेलं, चक्क सिनेमाचं थिएटरही. १९५६मध्ये महानगर प्रशासनानं बेटं ताब्यात घेतली. धोरण असं, की बेट सगळ्या शहराचं, तिथे सार्वजनिक बाग हवी. घरं एकेक करून पाडली गेली. वॉर्ड्स आणि अल्गॉन्क्विन या बेटांवरचे रहिवासी मात्र अडून बसले. जुलै १९८०मध्ये घरं खाली करण्याचे कागद घेऊन अधिकारी आले, तेव्हा लोक पुलावर उभे राहिले. शेवटी १९९३मध्ये प्रांताच्या कायद्यानं उरलेल्या सुमारे २६० घरांना ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला.

यात बरोबर कोण? ज्यांची घरं गेली त्यांचं दुःख खरं. पण महानगरातल्या कुणालाही फेरीचं तिकीट काढून त्या झाडीत उभं राहता येतं, हेही खरंच. गंमत म्हणजे पक्ष्यांना नीट कापलेल्या हिरवळीचं फारसं कौतुक नाही. त्यांना हवं असतं झुडूप, वठलेलं खोड, ओलसर कोपरा. म्हणजे ज्याला माळी ‘अजून साफ करायचंय’ म्हणेल, असं काहीतरी.

आणि एक गोष्ट राहिलीच. उत्तरेकडून बेटावर यायचं तर आधी शहर ओलांडावं लागतं. रात्री दिवे पक्ष्यांना भुलवतात, दिवसा काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसतं आणि ते थेट आदळतात. १९९३मध्येच टोरोंटोत ‘फ्लॅप’ ही संस्था सुरू झाली. तिचे स्वयंसेवक भल्या पहाटे इमारतींच्या पायथ्याशी पडलेले पक्षी गोळा करतात, जखमींना वाचवायची धडपड करतात. शहरानं २००७मध्ये पक्ष्यांना जपणाऱ्या बांधकामाची मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि २०१०पासून नव्या इमारतींसाठी तशा अटी सक्तीच्या केल्या.

तेव्हा बेट राखलं म्हणजे काम झालं असं नाही. बेटापर्यंतची वाटही राखावी लागते, आणि ती वाट आपल्याच खिडक्यांवरून जाते.

आज इतकंच. भेटू पुढच्या भागात.