साधूच्या वेशातला रावण आणि मालिकेतला डॉक्टर

हिवरे बाजारहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. गटाची बैठक संपली, हिशेबाच्या वह्या मिटल्या, की मालिकांचा विषय निघतोच. त्यात सगळ्यात जास्त बोलणं होतं खलनायकाबद्दल. हा दुष्ट माणूस आपल्या गोष्टींत आला कुठून, ते आज थोडं मागे जाऊन बघू.

आपल्या पुराणांत दुष्ट दोन तऱ्हेचे. पहिला उघड दिसणारा. महिषासुर घ्या. रेड्याचं रूप, शिंगं, डरकाळी. त्याला मारणारी देवी म्हणजे आपली तुळजाभवानी. दसऱ्याला तिची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहूनच तुळजापूरला जाते, म्हणून ही गोष्ट आपल्याकडं लेकराबाळांनाही ठाऊक असते.

दुसरा दुष्ट वेश घेऊन येतो. पूतना कृष्णाला मारायला आली ती देखणी बाई होऊन, दूध पाजायला. रावण सीतेच्या दारात आला तेव्हा त्याला दहा तोंडं नव्हती. वाल्मीकी रामायणात त्याच्या अंगावर भगवं वस्त्र आहे, पायात वहाणा, डोक्यावर छत्री, खांद्यावर दंड-कमंडलू. तोंडात वेदमंत्र. सीतेनं त्याला बसायला आसन दिलं, पाय धुवायला पाणी दिलं. दारी आलेल्या अतिथीचं करायचं, हा घरचा रिवाजच होता. रावणानं तिच्या चांगुलपणाचाच फायदा घेतला.

आता एक गंमत बघा. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या मूळ कथेत नाही. ती नंतरच्या कथांमधून आली. पण आज बहुतेकांना रावणाचा वेश आठवत नाही, सीतेनं ओलांडलेली रेषा मात्र पाठ असते. म्हणजे फसवणाऱ्यावरचं बोट हळूहळू फसलेल्या बाईकडं वळलं.

गावाकडच्या सिनेमातही हा वेशातला दुष्ट आला. 1974 सालचा ‘सामना’ जुन्या बायांना आठवत असेल. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी काढलेला. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा पुढारी. गावाचा पोशिंदा म्हणून मिरवणारा. त्याच्या राज्यात मारुती कांबळे नावाचा माणूस नाहीसा झालेला असतो. एक दारुडा मास्तर त्या माणसाचं काय झालं हे विचारत राहतो, आणि त्या एका प्रश्नानं पाटलाचा दबदबा हलतो. हिंदुराव झाले होते निळू फुले. पडद्यावरच्या कामांमुळं खेडोपाडी बाया त्यांचा राग करायच्या. प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलात घडलेले, चळवळीत राबणारे सरळ गृहस्थ. तोंडावरून माणूस ओळखता येत नाही, हे असं दोन्ही बाजूंनी खरं.

मग 2020 साली ‘देवमाणूस’ ही मालिका आली. नावातच वेश आहे. गाव ज्याला देवमाणूस म्हणतं तो डॉक्टरच खुनी. साताऱ्यातल्या वाईकडं 2016 साली उघडकीला आलेल्या प्रकरणावरून ती सुचलेली. त्या प्रकरणात एका डॉक्टरवर सहा खुनांचा आरोप ठेवला गेला. मेलेल्यांत पाच बाया. पहिला खून 2003 सालचा, असं तपासात पुढं आलं. अंगणवाडीच्या कामातली एक बाई बेपत्ता झाली, तिचा शोध लागला, तेव्हा मागचं सगळं बाहेर आलं. मधली तेरा वर्षं बाया नाहीशा होत होत्या.

मालिका बघताना आम्हीही त्या डॉक्टरच्या हुशारीवर बोलायचो. मेलेल्या बाईबद्दल मात्र ‘ती गेलीच कशाला त्याच्याकडं’ एवढंच. ही पुन्हा लक्ष्मणरेषाच झाली.

आपल्या दारात येणारा रावण बहुतेक वेळा खुनी नसतो. कर्ज मंजूर करून देतो, पैसे दुप्पट करून देतो, असं म्हणत येतो. कपडे स्वच्छ, बोलणं गोड, ‘ताई, ताई’ करणारं. कोऱ्या कागदावर सही नाहीतर अंगठा मागतो. अशा वेळी दुर्गा धावून येईल म्हणून थांबून चालत नाही. आमच्या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडतात. पाणी किती, त्यावर कुठलं पीक घ्यायचं, हे चारचौघांत ठरतं. तीच सवय गटाला लावा. आलेल्या माणसाला बैठकीत बोलवा. ओळखपत्र, कार्यालयाचा पत्ता, व्याजाचा दर सगळ्यांसमोर विचारा. खरा असेल तो रागावणार नाही. कागद वाचून झाल्याशिवाय सही करू नका.

आणि एखादी फसलीच, तर तिला गटाबाहेर काढू नका, टोमणे मारू नका. ती गप्प बसली तर तोच माणूस उद्या पुढच्या गावात जाईल. तिच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चला. तो कोण होता, कुठून आला, अजून कुणाकडं गेला, हे आधी विचारा. तिचं काय चुकलं, ते नंतर बघता येईल.