महाराष्ट्रातील स्त्रियांचे सार्वजनिक वक्तृत्व

महाराष्ट्रातील स्त्रियांचे सार्वजनिक वक्तृत्व म्हणजे मराठी समाजातील स्त्रियांनी सभा, परिषदा व संमेलने यांच्या व्यासपीठांवरून केलेले जाहीर भाषण. त्याचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. या इतिहासात भाषणाच्या आशयाइतकेच महत्त्व बोलणाऱ्या स्त्रीकडे समाजाने कसे पाहिले, या प्रश्नाला आहे.

पार्श्वभूमी
संतपरंपरेत मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांच्या रचनांना मान्यता मिळाली. तथापि पुरुषांच्या सभेत उभे राहून मत मांडणे हे कुलीन स्त्रीच्या मर्यादेबाहेरचे मानले जाई. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात सभेत ऐकू जाईल असा आवाज लावावा लागे, आणि मोठ्याने बोलणे हाच स्त्रीचा दोष समजला जाई.

प्रारंभीच्या वक्त्या
पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना संस्कृतचे शिक्षण व पुराणकथनाचा अनुभव आईवडिलांकडून मिळाला. १८७८ मध्ये कोलकात्यातील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये पुण्यात आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली. १८८९ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेत त्या विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. १८८३ मधील धर्मांतरानंतर मात्र त्यांच्या युक्तिवादांपेक्षा त्यांच्या हेतूंचीच चर्चा अधिक झाली. त्यांच्या शारदा सदनावर ‘केसरी’ने केलेली टीका हे त्याचे ठळक उदाहरण होय.

आनंदीबाई जोशी यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले. त्या वेळी त्या १७ वर्षांच्या होत्या. आपण वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला का जात आहोत, या विषयी लोक विचारीत असलेल्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सभेत सांगितले.

रमाबाई रानडे यांना इंग्रजी शिकल्याबद्दल व सभांना गेल्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करावा लागला. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या ग्रंथात त्यांनी तो नोंदविला आहे. विरोध केवळ पुरुषांकडून होत नसे, हे त्यावरून स्पष्ट होते.

साहित्य संमेलनाचे व्यासपीठ
अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे या होत (ग्वाल्हेर, १९६१). १९७५ च्या कराड संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीच्या काळात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांचा निषेध केला आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. २०१९ च्या यवतमाळ संमेलनाच्या उद्‌घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐन वेळी मागे घेण्यात आले. त्या वेळी संमेलनाध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या.

श्रोत्यांची धारणा
वक्त्याविषयीचे मत केवळ युक्तिवादावरून बनत नाही. ॲरिस्टॉटलने वक्त्याच्या चारित्र्याची श्रोत्यांवर पडणारी छाप हे मन वळविण्याच्या तीन साधनांपैकी एक मानले होते. उरलेली दोन म्हणजे श्रोत्यांच्या भावना आणि तर्क. स्त्री वक्त्यांच्या बाबतीत ही छाप पुष्कळदा भाषणापूर्वीच ठरलेली असते. मराठीतील विशेषणांतही हा भेद दिसतो: स्पष्ट बोलणाऱ्या पुरुषास ‘परखड’ वा ‘बाणेदार’ म्हटले जाते, तर तशाच स्त्रीला ‘फटकळ’, ‘आगाऊ’ किंवा ‘आक्रस्ताळी’ अशी विशेषणे लागण्याचा संभव अधिक असतो. मवाळ बोलल्यास दुर्बल आणि ठामपणे बोलल्यास उद्धट ठरविले जाणे, या कोंडीला अभ्यासक ‘दुहेरी बंधन’ म्हणतात.

महत्त्व
या वक्त्यांपैकी अनेकींच्या भाषणांपेक्षा त्यांच्या धाडसाचीच आठवण अधिक राहिली. धाडसाच्या कौतुकात त्यांची प्रत्यक्ष मागणी मागे पडते. रमाबाईंनी मागितलेल्या स्त्री डॉक्टर किंवा दुर्गाबाईंनी मागितलेले लेखनस्वातंत्र्य हा त्यांच्या वक्तृत्वाचा मुख्य विषय होता.