याकोबाच्या विहिरीवर

योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात एक शोमरोनी स्त्री भर दुपारी पाणी भरायला येते. विहीर खोल, येशूजवळ पोहरा नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. यहूदी माणूस आपल्या हातचे पाणी मागतो याचेच तिला नवल वाटते. मग बोलणे जिवंत पाण्यावर, तिच्या पाच नवऱ्यांवर, उपासना तिथल्या डोंगरावर करायची की यरुशलेमेत, इथवर जाते. शेवटी घागर तिथेच टाकून ती गावाकडे धावते. येशूला पाणी मिळाले की नाही, हे योहान सांगत नाही.

अशा उताऱ्यात अंतरीच्या जागृतीची खूण शोधण्याची रीत जुनी आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने शास्त्राला देह, जीव आणि आत्मा असे तीन थर मानले. पुढे ऑगस्टीनने पाच नवरे म्हणजे पाच इंद्रिये असा अर्थ लावला. एकनाथांची भारुडे ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये. संसारातल्या साध्या गोष्टीतून परमार्थ उलगडताना त्याने कितीदा तरी ऐकले आहे. या अभ्यासात तो पाहुणा नाही.

मात्र माझा एक आग्रह आहे. जिवंत पाण्याकडे जायच्या घाईत विहिरीतले पाणी विसरू नये. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० साली. पाणी कोणी भरायचे, देवापुढे कोणी उभे राहायचे, हे शोमरोनी बाईचे दोन्ही प्रश्न आपल्याकडे रक्तामांसाचे आहेत. ते गाळून काढलेला आध्यात्मिक अर्थ मला पोकळ वाटतो.

याचा उत्तम दाखला नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीचा, लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे नांदायला परतल्या, तरी त्यांनी आपले पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवला होता. जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराने त्यांना घेरले आणि माणसाने, असे मनात लख्ख उमगल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांच्या बाबतीत मन जागे झाल्याची पहिली खूण पाण्याच्या भांड्यावर उमटली. योहानाचा अध्याय आणि हा प्रसंग शेजारी ठेवले की एकाने दुसऱ्याचा अर्थ खोल होतो. दोन्हीकडे आतला बदल हातातल्या वस्तूवरून कळतो, तिथे टाकलेल्या घागरीवरून, इथे स्वीकारलेल्या पाण्यावरून.

तेव्हा वाचकहो, भाष्ये नंतर उघडा. आधी चौथा अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचा, आणि मग लक्ष्मीबाईंची ती पाने.