अजागळ

माणसाची चालचर्या, डौल, अवतार यांविषयी मराठीत जितके शब्द आहेत, तितके त्याच्या गुणांविषयी असतील की नाही, याची मला शंकाच आहे. ऐट, रुबाब, दिमाख, थाट, नखरा ही एक रांग. गबाळा, अजागळ, बावळट, गावंढळ ही दुसरी. शिक्षकाच्या जिभेवर दुसरी रांग अधिक असते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

सहावीच्या वर्गात एक मुलगा सदऱ्याची बटणे वरखाली लावून आला होता. "काय रे अजागळा!" असे मी म्हणालो. वर्ग हसला. मुलगा मात्र हसलाही नाही, रडलाही नाही. त्याने शांतपणे विचारले, "गुर्जी, अजागळ म्हंजी काय?"

मला सांगता आले नाही. पंचवीस वर्षे वापरलेला शब्द, आणि अर्थ विचारताच माझीच बोबडी वळली. त्या रात्री कोश काढून बसलो, आणि एका शब्दासाठी उघडलेले पुस्तक पहाटेपर्यंत मिटले नाही.

पहिल्या रांगेतले बरेचसे मानकरी परदेशातून आलेले. रुबाबाचे मूळ अरबी, आणि त्या मुळाचा अर्थ भीती, धाक. ज्याला पाहून समोरच्याच्या पोटात गोळा येतो, तो रुबाबदार! दिमाख म्हणजे मुळात मेंदू. डोक्यात शिरलेली हवा पुढे अंगावरच्या झगमगाटापर्यंत पोचली. नखरा फारसी, पोशाख फारसी, आणि पोशाखावरचा चेहराही फारसीच. आपले घरचे 'तोंड' मात्र मागे पडले. 'चेहरा दाखवा' यात आर्जव आहे, 'तोंड दाखव' यात दटावणी. ज्या शिस्तीसाठी आम्ही छड्या मोडल्या, ती 'शिस्त'देखील फारसीच. तिचा जुना अर्थ नेम. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि दुसरी १८५७ची, बंदुकीचा नेम धरण्याचा हा अर्थ सापडतो.

हे शब्द दरबारातून आले, आणि दरबार बदलला तरी गेले नाहीत. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करविला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. पण लोकांच्या तोंडी पेशवा तो पेशवाच राहिला. पदाचे नाव हुकुमाने बदलता येते. त्या पदावरच्या माणसाकडे पाहून तोंडून निघणारा शब्द हुकूम मानत नाही.

दुसऱ्या रांगेची मौज निराळी. 'काय हे ध्यान!' आणि 'हा काय अवतार!' हे दोन्ही शब्द देवघरातले. उपासकाने मनात धरावे असे देवाचे रूप ते ध्यान. देवाने पृथ्वीवर उतरावे तो अवतार. तेच आपण विस्कटलेल्या केसांच्या पोराला लावले. गबाळ म्हणजे गोसाव्याचे किंवा भटक्याचे चिरगुटांचे बोचके. ज्याचा संसार बोचक्यात मावतो, तो गबाळा ठरला. सभेत बसण्याजोगा तो सभ्य, नगरातला तो नागर, गावातला तो गावंढळ. हे शब्द कोणी केले, हे निराळे सांगायला नको. सभेत बसलेल्यांनी केले. बाहेर उभे होते त्यांना कोणी विचारले नाही. आणि आम्ही शिक्षक, ज्यांचे आजे-पणजे बहुधा बाहेरच उभे होते, ते शब्द शाळेत आणून त्यांच्याच पणतवंडांना लावतो.

आता अजागळ. अजा म्हणजे शेळी, अजागल म्हणजे शेळीचा गळा. शेळीच्या गळ्याला स्तनासारखे दोन लोंब असतात. त्यांतून दूध निघत नाही. निरुपयोगी वस्तूला संस्कृत पंडितांनी हा दृष्टांत दिला, आणि तो झिजत झिजत मराठीत येऊन ढिल्या, वेंधळ्या माणसाला चिकटला. म्हणजे बटण चुकलेल्या पोराला मी भर वर्गात 'निरुपयोगी' म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गापुढे अर्थ सांगितला. शब्द चुकीचा वापरला, असेही सांगितले. सांगताना घसा कोरडा पडला होता, हे लपवीत नाही. मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्या शेळीला हाइत की ते, गुर्जी. पर दूध लई देती."

पंडितांनी शेळीचा गळा पाहिला होता. त्याने शेळी पाळली होती. मी त्याला जवळ बोलावले आणि त्याची बटणे नीट लावून दिली. ते काम आदल्या दिवशीच करायचे होते.