मेलेला गडी उठतो कसा? वऱ्हाड, बर्लिन आणि कबड्डीतला मधला गडी

१/ "कबड्डी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये खेळली गेली," असे वऱ्हाडात अभिमानाने सांगितले जाते. या विधानात तथ्य आहे. मात्र ते ज्या अर्थाने सांगितले जाते, त्या अर्थाने नव्हे. त्या तथ्याचा माग घेताना एक अधिक मोलाचा प्रश्न हाती लागतो. सांघिक खेळात कोणत्या गड्याने कोणते काम करावे, हे ठरवते कोण? त्यासाठी हा थ्रेड.

२/ अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केले. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये ऑलिम्पिकच्या निमित्ताने बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, त्यांत होती. परंतु त्या ऑलिम्पिकचे अधिकृत प्रदर्शनीय खेळ दोनच होते: बेसबॉल आणि ग्लायडिंग. कबड्डीचा त्यांत समावेश नव्हता.

३/ यामुळे अमरावतीकरांची कामगिरी उणी ठरत नाही. उलट तिचे खरे स्वरूप स्पष्ट होते. सरकारी पाठबळ असलेल्या क्रीडासंघाने नव्हे, तर एका जिल्ह्याच्या गावातील व्यायाम मंडळाने हा खेळ युरोपात नेला. परक्या प्रेक्षकांपुढे खेळ मांडायचा, तर गडी किती, बाद कोण आणि जिंकले कोण, हे निःसंदिग्ध असावे लागते. ती निःसंदिग्धता त्या वेळी फार जुनी नव्हती.

४/ हा खेळ महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु, तर दक्षिणेत चेडुगुडु या नावांनी ओळखला जाई. भेद केवळ नावांचा नव्हता. खेळाचे तीन प्रमुख प्रकार होते: संजीवनी, गामिनी आणि अमर. मैदानात तिन्ही जवळजवळ सारखेच दिसत. फरक एका प्रश्नाच्या उत्तरात होता: बाद झालेल्या, म्हणजे 'मेलेल्या' गड्याचे पुढे काय?

५/ गामिनीत मेलेला गडी बाहेर बसे, तो सारा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये गडी बाहेर जातच नसे. प्रतिपक्षाला गुण मिळे आणि खेळ वेळेवर चाले. संजीवनीत मात्र आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की आपला एक मेलेला गडी पुन्हा उठून मैदानात येई. अकोल्याचा आणि अमरावतीचा संघ समोरासमोर यायचा, तर हे उत्तर आधी ठरलेले असणे अपरिहार्य होते.

६/ आता या नियमांचा गड्याच्या कामावर होणारा परिणाम पाहू. गामिनीत उत्तम चढाईपटू लवकर बाद झाला तर तो त्या डावापुरता गमावलाच. म्हणून त्याला जपून वापरणे शहाणपणाचे. अमरमध्ये बाद होण्याची किंमत एका गुणापुरतीच. म्हणून धाडस स्वस्त. संजीवनीत प्रत्येक गुण म्हणजे परत आलेला एक सहकारी. साहजिकच तेथे गुण मिळविणे आणि संघ सावरणे ही दोन वेगळी कामे उरत नाहीत.

७/ १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रात या खेळाला नियमबद्ध करण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९२३ मध्ये नियम छापून प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बडोद्यात त्यांनुसार अखिल भारतीय स्पर्धा झाली. पुढे प्रमाण ठरलेल्या खेळाचा कणा संजीवनीचाच राहिला. आजही बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले, त्याच क्रमाने आत येतात.

८/ या निवडीतून सात गड्यांची आजची रचना अर्थपूर्ण होते. दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरारक्षक. ते चढाईपटूचा घोटा धरायला टपलेले. त्यांच्या आतल्या बाजूस साखळी करून उभे राहणारे मध्यरक्षक आणि सर्वांच्या मधोमध मधला गडी. पकड कोपऱ्याने सुरू केली, तरी चढाईपटूला मध्यरेषेकडे झेपावू न देणे हे मधल्या फळीचे काम. तिला क्षणभर उशीर झाला, तर धरलेला घोटाही सुटतो आणि धरणाराच बाद होतो.

९/ मधल्या जागांवर पुष्कळदा संघाचे चढाईपटूच उभे असतात. म्हणजे पकडीच्या वेळी साखळीतला दुवा असलेला गडी पुढच्याच क्षणी दम घेत समोरच्या अंगणात शिरतो. शिवाय यशस्वी पकडीलाही गुण आहे. संघाचा पहिला चढाईपटू बाहेर बसलेला असताना मध्यरक्षकाने केलेली एक पकड त्याला परत आणू शकते. कबड्डीत 'गोल' करणारा आणि गोल राखणारा, असे दोन वेगळे वर्ग म्हणूनच कधी नीट पडले नाहीत.

१०/ नियम गड्याचे काम कसे घडवितात, हे तुलनेने अधिक स्पष्ट होईल. त्यासाठी दूरचा एक खेळ घेऊ: ऑस्ट्रेलियन फुटबॉल. त्याचे पहिले नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये लिहिले गेले. मैदान लंबवर्तुळाकार, प्रत्येक बाजूस १८ खेळाडू आणि टोकाला चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडला तर 'गोल'. बाजूच्या खांबांमधून गेला तर 'बिहाइंड', म्हणजे थोडक्यात हुकलेला नेम.

११/ आरंभी निकाल केवळ गोलांवर लागे. १८९७ पासून व्हिक्टोरियन लीगमध्ये गोलाला ६ गुण आणि बिहाइंडला १ गुण धरला जाऊ लागला. हुकलेल्या नेमालाही मोल आल्याने चेंडू सतत पुढे लोटणाऱ्या मधल्या फळीचे श्रम फलकावर दिसू लागले. १९७५ मध्ये मैदानाच्या मध्यावर चौरस आखून, खेळ सुरू होताना तेथे प्रत्येक संघाचे चारच खेळाडू असावेत, असा नियम झाला. मधल्या फळीचा तज्ज्ञ खेळाडू अशा रेषांनी घडविला.

१२/ मधल्या गड्याची कल्पना आपल्याकडे मात्र परकी नाही. आट्यापाट्यांत नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी उभी सूरपाटी असते. इतर गडी आपापल्या पाटीला बांधलेले; सूर मात्र उभ्या पाटीवर धावत पुढच्या-मागच्यांच्या मदतीला जातो आणि दोघे मिळून प्रतिपक्षाच्या गड्याची कोंडी करतात. पाट्या ओलांडून परत येणे म्हणजे 'लोण'. हाच शब्द कबड्डीतही आहे: सारा संघ बाद झाला की लोण, आणि त्याचे २ जादा गुण.

१३/ नियम पुढेही बदलत राहिले आणि कामेही. सहा किंवा सात बचावपटू मैदानात असताना बोनस रेषा ओलांडण्यास गुण मिळू लागला. त्यामुळे बचावाला मागे दबून राहणे महाग पडले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीत तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीला जादा गुण आहे. पूर्वी हरल्यात जमा असलेला अपुरा बचाव आता सामना फिरवू शकतो. गडी तेच; हिशेब बदलला.

१४/ कबड्डी १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिम्पिक स्पर्धांत आली, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले. या वाटचालीचे श्रेय केवळ 'प्राचीन परंपरे'ला देऊन आपण एक अन्याय करतो. ज्यांनी बसून नियम लिहिले, मैदाने आखली, गावोगावच्या मुलांना एकाच नियमाने खेळायला शिकविले, त्यांचे श्रम त्या दोन शब्दांखाली गाडले जातात.

१५/ म्हणून अमरावतीच्या पथकाची आठवण काढताना 'ऑलिम्पिकमध्ये कबड्डी' हे अर्धसत्य सांगण्याची गरज नाही. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे. तीन पर्यायांतून या देशाने असा खेळ प्रमाण मानला, ज्यात गुण मिळविण्याचे पहिले फळ म्हणजे बाहेर बसलेला सोबती परत येणे. गावच्या मैदानावर पुढचा सामना पाहाल तेव्हा चढाईपटूकडे पाहाच. पण पकड झाल्यावर क्षणभर रेषेबाहेर बसलेल्याकडेही पाहा. तो उठत असेल.