परीक्षागृहातील ‘पर्यवेक्षक’ आणि त्याचे पर्यायी शब्द

परीक्षा चालू असताना वर्गात थांबून परीक्षार्थींवर लक्ष ठेवणाऱ्या व्यक्तीस मराठीत ‘पर्यवेक्षक’ म्हणतात. दहावी-बारावीच्या दिवसांत बातम्यांतून मात्र त्याचा पुष्कळदा ‘परीक्षक’ होतो. ही अदलाबदल निरुपद्रवी नाही. परीक्षक हा उत्तरपत्रिका तपासून गुण देणारा. वर्गात कॉपी होऊ दिल्याचा ठपका त्याच्यावर ठेवणे म्हणजे जो तेथे नव्हताच, त्याला दोषी ठरवणे होय.

घोटाळ्याचे मूळ दोन्ही शब्दांच्या नात्यात आहे. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे, या संस्कृत धातूपासून दोन्ही आले. परि + ईक्षक = परीक्षक; परि + अव + ईक्षक = पर्यवेक्षक. पहिला पारखून पाहतो, दुसरा सभोवार नजर ठेवतो. निरीक्षक, अधीक्षक, समीक्षक हेही त्याच कुळातले. धातूतला ‘ई’ दीर्घ असल्याने ‘परिक्षा’, ‘निरिक्षक’ ही रूपे अशुद्ध ठरतात. ती शाळांच्याच फलकांवर दिसावीत, हे नवल.

‘निरीक्षक’ हा पर्याय अर्थाने चालतो, पण त्याला शाळातपासणीचा आणि पोलीस ठाण्याचा वास आहे. हिंदीत ‘कक्ष निरीक्षक’ रूढ असल्याने इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी भाषकांना तो परका वाटत नाही. बेळगावकडे कन्नडमधला ‘कोठडी मेल्विचारक’ कानावर येतो. कन्नडमध्ये कोठडी म्हणजे साधी खोली. मराठी वाचक मात्र क्षणभर दचकेल.

‘पर्यवेक्षक’ या शब्दाचीही एक अडचण आहे. माध्यमिक शाळांत मुख्याध्यापकांच्या हाताखालील एका पदाचे नाव तेच असते. संदिग्धता येईल तेथे ‘परीक्षा-पर्यवेक्षक’ लिहावे. स्त्रीसाठी ‘पर्यवेक्षिका’ रूढ आहे. संपूर्ण केंद्राची जबाबदारी असते ती केंद्रसंचालकाची, आणि अवचित येऊन तपासणी करते ते भरारी पथक. त्यांना पर्यवेक्षक म्हणू नये.

बोलण्यात शिक्षकांना ‘सुपरव्हिजन लागते’. संभाषणात ते शोभते, बातमीत ‘पर्यवेक्षणाचे काम’ बरे. ‘इनव्हिजिलेटर’च्या मुळाशी लॅटिनमधला जागे राहण्याचा अर्थ आहे, त्या दृष्टीने ‘राखणदार’ जवळचा. पण गोव्यात राखणदार म्हणजे गावाची राखण करणारे दैवत. त्याला परीक्षेच्या कामाला लावणे विनोदी लेखनापुरतेच ठीक.